घंटेच्या आवाजावर गाय शोधायची: बीबीसी मायक्रोवर अंध खेळाडूंसाठी खेळ कसा लिहावा

अंध खेळाडूंसाठी खेळ लिहायला बसणारे बरेच जण आधी डोळस लोकांसाठीचा खेळ पूर्ण करतात आणि शेवटी त्याला आवाज जोडतात. मला ही पद्धत पटत नाही. अशा खेळात आवाज असतो, पण त्या आवाजावर खेळता येत नाही. खेळाडूला काय ऐकू येणार, कधी ऐकू येणार आणि पुन्हा ऐकायचं असेल तर त्यानं काय करायचं, हे पहिली ओळ लिहिण्याआधी ठरायला हवं. ही सवय लावून घ्यायला मला सगळ्यात योग्य वाटतो तो १९८१ सालचा बीबीसी मायक्रो. त्याच्याकडे देण्यासारखं फार थोडं होतं, त्यामुळे प्रत्येक आवाज विचार करूनच वापरावा लागतो.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं हा संगणक बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी बनवला. मॉडेल बी मध्ये ३२ किलोबाइट मेमरी, दोन मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आवाजाची चिप होती. चिपमध्ये सुरांचे तीन चॅनेल आणि गोंगाटाचा एक. स्पीकर पेटीतच बसवलेला. सोफी विल्सन यांनी लिहिलेली बेसिक भाषा यंत्र चालू करताच हजर व्हायची. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला, त्यातही हेच यंत्र निवडलं गेलं होतं. ज्यांनी पुढे शाळेत किंवा कॉम्प्युटर क्लासमध्ये जीडब्ल्यू बेसिक गिरवलं, त्यांना खालच्या बहुतेक ओळी ओळखीच्या वाटतील.

आज ते यंत्र मिळवण्याची गरज नाही. विंडोजवर बीबएम नावाचा मोफत एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, चालतो. त्यात ‘टेक्स्ट टू स्पीच’ आणि ‘टेक्स्ट व्ह्यू’ असे दोन पर्याय आहेत. पहिला पर्याय यंत्रानं छापलेला मजकूर विंडोजच्या आवाजात बोलून दाखवतो. दुसरा तोच मजकूर साध्या मजकुराच्या चौकटीत ठेवतो, म्हणजे एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम) किंवा ब्रेल डिस्प्ले तो वाचू शकतो. हा मार्गदर्शक अंध वाचकाला स्वतः करून पाहता यावा, म्हणून मी हाच एम्युलेटर धरून लिहितो आहे.

काही प्रोग्राम बोलायचे आणि काही मुके का राहायचे?

कोड लिहिण्याआधी हे समजून घ्यायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

१९८० च्या दशकात अमेरिकेत अंध लोकांच्या हातात सर्वाधिक रुळलेला घरगुती संगणक म्हणजे ॲपल टू. त्यात स्ट्रीट इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं एको टू नावाचं बोलणारं कार्ड बसवायचं आणि टेक्स्टॉकर हा प्रोग्राम चढवायचा. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात डेव्हिड हॉलाडे यांनी याच यंत्रासाठी ब्रेल-एडिट हा प्रोग्राम लिहिला. ब्रेलमध्ये लिहिणं, सुधारणं आणि छापणं हे सगळं त्यात व्हायचं. त्यांच्या पत्नी कॅरिन नेव्ही या अंध गणितज्ञ. म्हणजे वापरणारी व्यक्ती घरातच होती.

टेक्स्टॉकर काय करायचा? ॲपल टू मध्ये अक्षर पडद्याकडे पाठवण्याचा रस्ता मेमरीतल्या ५४ आणि ५५ या दोन खणांत लिहिलेला असायचा. टेक्स्टॉकर तिथे स्वतःचा पत्ता लिहायचा. मग बेसिकच्या ‘प्रिंट’मधून निघालेलं प्रत्येक अक्षर आधी त्याच्या हातून जायचं आणि मगच पडद्यावर उमटायचं. बीबीसी मायक्रोमध्येही असाच दरवाजा आहे, ५२६ आणि ५२७ या खणांत.

आता एखाद्या खेळानं हा दरवाजा टाळून अक्षरं थेट पडद्याच्या मेमरीत टाकली, किंवा चित्रच काढलं, तर बोलणाऱ्या प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही. पडद्यावर धुमश्चक्री चालू आणि कानाला शांतता. त्यातच विकत मिळणाऱ्या कित्येक खेळांची डिस्क स्वतःच यंत्र सुरू करायची, त्यामुळे टेक्स्टॉकर आधी चढवून ठेवण्याची वाट बंद व्हायची. या लोकांना बेसिकमध्ये लिहिलेले, यादी काढून वाचता आणि बदलता येणारे साधे खेळ जवळचे वाटले, यात नवल नाही.

दुसरा प्रश्न होता बोलण्याच्या खर्चाचा. १९८२ साली आलेला सॅम हा प्रोग्राम कमोडोर ६४ आणि अटारीवर वेगळ्या कार्डाशिवाय बोलायचा. पण त्यासाठी प्रोसेसर पूर्ण वेळ राबायचा. अटारीवर तर सॅम बोलत असताना पडदा बंद केला जायचा, कारण चित्र दाखवणारी चिप प्रोसेसरचा वेळ मधूनमधून काढून घ्यायची आणि आवाज खराब व्हायचा. अंध वापरकर्त्याला याचा काहीच त्रास नव्हता. बोलणं चालू असताना खेळ थांबतो, ही अडचण मात्र सगळ्यांसाठीच होती. बीबीसी मायक्रोसाठी सुपीरियर सॉफ्टवेअरनं ‘स्पीच’ हा असाच प्रोग्राम काढला. तारांकित ‘से’ आज्ञेपुढे इंग्रजी वाक्य लिहिलं की यंत्र ते बोलायचं. एकॉर्नची स्वतःची बोलणारी चिपही मिळायची, तिच्यात बीबीसीचे वृत्तनिवेदक केनेथ केंडॉल यांच्या आवाजातले ठरावीक शब्द भरलेले होते. ठरावीक शब्दांत खेळ बसवणं किती अवघड असेल, ते सांगायला नको.

यातून माझे तीन नियम निघतात. खेळातली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट ‘प्रिंट’मधून पूर्ण ओळीत बाहेर आली पाहिजे. पावलागणिक बदलणारी माहिती बोलण्यात न घालता सुरात घालायची. आणि वेळ खेळाडूच्या ताब्यात राहिली पाहिजे.

खेळ ठरवू या

गाय हरवली आहे. तिच्या गळ्यात घंटा आहे. रान नऊ बाय नऊ चौकटींचं. खेळाडू मधोमध, पाचव्या ओळीत आणि पाचव्या रकान्यात उभा आहे. एकेक पाऊल टाकत घंटेच्या आवाजावर गाय शोधायची.

बीबीसी मायक्रोचा आवाज एकाच स्पीकरमधून येतो, डावा-उजवा कान असा भेदच नाही. मग दिशा कशी कळवायची? आपण दर वेळी दोन ठोके वाजवू. पहिला ठोका नेहमी एकाच सुरात, तो म्हणजे ‘मी इथे आहे’. दुसरा ठोका गाईचा. गाय वरच्या बाजूला असेल तर दुसरा सूर चढा, खालच्या बाजूला असेल तर उतरता, आणि जितकी लांब तितका फरक मोठा. दोन्ही सूर सारखे वाजले की ओळ सापडली. डावी-उजवी बाजू लांबीतून कळवायची: पहिला ठोका लांब असेल तर गाय डावीकडे, दुसरा लांब असेल तर उजवीकडे, दोन्ही आखूड असतील तर रकाना सापडला.

सुरातून एक गोष्ट, लांबीतून एक गोष्ट. याहून जास्त काही एका आवाजात कोंबू नका. अंतरासाठी आवाज लहान-मोठा करण्याचा मोह होतो, तो टाळा. खोलीत पंखा चालू असेल किंवा स्पीकर दूर असेल, तर लहान आवाज ‘लांब’ आहे की नुसताच ‘ऐकू येत नाही’, हे खेळाडूला कळत नाही.

कळांसाठी मी जे, एल, आय आणि के निवडतो: जे डावीकडे, एल उजवीकडे, आय वर, के खाली. आजच्या कीबोर्डवर जे या कळीवर बोटाला लागणारा उंचवटा असतो, त्यामुळे हात जागेवर ठेवायला शोधाशोध करावी लागत नाही. बाणांच्या कळा वापरू नका. स्क्रीन रीडर त्या कळा वाचनासाठी वापरतो, आणि दोघांची झटापट खेळाडूच्या डोक्याला ताप होते. आर म्हणजे घंटा पुन्हा ऐकव, डब्ल्यू म्हणजे मी कुठे आहे ते सांग.

कोड लिहू या

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, म्हणजे कुणी मोठ्यानं वाचून दाखवल्या तरी लिहून घेता येतील. टाइप करताना बेसिकचे शब्द आणि घंटा, सरक ही नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि आकडे इंग्रजीत लिहा. ‘स्टार’ म्हणजे तारांकनाचं चिन्ह, ‘प्रॉक’ची स्पेलिंग पी-आर-ओ-सी. ‘अँड’ आणि ‘ऑर’च्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा गाळू नका, नाहीतर यंत्र त्यांना चलाच्या नावाचा भाग समजतं.

१० मोड ७
२० स्टार एफएक्स ११,०
२५ डी=आरएनडी(-टाइम)
२८ एन्व्हलप १,१,०,०,०,०,०,०,१२६,-४,-१,-४,१२६,८०
३० एक्स=५ : वाय=५
४० ए=आरएनडी(९) : बी=आरएनडी(९) : इफ ए=एक्स अँड बी=वाय देन ४०

ओळ १० मधला मोड ७ म्हणजे चित्र नसलेला, शुद्ध मजकुराचा पडदा. एका ओळीत ४० अक्षरं बसतात. सगळा खेळ याच मोडमध्ये राहू द्या. ओळ २० कळ दाबून धरल्यावर होणारी पुनरावृत्ती बंद करते. ही ओळ नसेल तर बोट जरा जास्त वेळ टेकलं की खेळाडू तीन-चार पावलं पुढे जातो आणि आपण कुठे आलो हे त्याला कळत नाही. डोळस खेळाडूला पडद्यावर ते दिसतं, अंध खेळाडूचा मात्र रानाचा सगळा नकाशाच पुसला जातो. ओळ २५ मुळे गाय प्रत्येक वेळी नव्या जागी जाते.

ओळ २८ घंटेसारखा सूर बनवते: ठोका पडताच पूर्ण जोर, मग पटकन थोडा उतार, मग हळू विरणं. या ओळीतला १२६ हा जोर आहे आणि ८० ही उतार थांबण्याची पातळी. शेवटून दुसरा १२६ तसाच ठेवा, बाकीचे आकडे बदलून ऐका. ८० च्या जागी ४० टाकलं तर घंटा लाकडी वाटू लागते.

५० प्रिंट, आणि अवतरणात सूचना
६० प्रॉकघंटा
७० के=गेट अँड २२३
८० इफ के=७४ प्रॉकसरक(-१,०)
९० इफ के=७६ प्रॉकसरक(१,०)
१०० इफ के=७३ प्रॉकसरक(०,१)
११० इफ के=७५ प्रॉकसरक(०,-१)
१२० इफ के=८२ प्रॉकघंटा
१३० इफ के=८७ प्रिंट, अवतरणात रो, मग अर्धविराम, वाय, अर्धविराम, अवतरणात स्वल्पविराम आणि कॉलम, अर्धविराम, एक्स
१४० इफ एक्स<>ए ऑर वाय<>बी देन ७०
१५० साउंड १७,१,१०१,४ : साउंड १,१,११७,४ : साउंड १,१,१२९,८
१६० प्रिंट, अवतरणात ‘फाउंड’
१७० एंड

ओळ ७० मधला ‘गेट’ हा या खेळातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा शब्द. कळ दाबेपर्यंत तो थांबून राहतो, मग एक सेकंद लागो की दहा मिनिटं. त्याचा भाऊबंद ‘इनकी’ ठरलेला वेळ संपला की पुढे निघून जातो. त्या काळच्या बहुतेक धावपळीच्या खेळांत ‘इनकी’च असायचा. बोललेलं वाक्य ऐकायला दोन सेकंद लागतात, ब्रेल डिस्प्लेवर बोट फिरवायला त्याहून जास्त. तेवढ्यात खेळ पुढे पळाला तर हरण्याचं कारण खेळाडूचं कौशल्य नसतं. २२३ मुळे लहान लिपीतलं अक्षरही कॅपिटल धरलं जातं, म्हणजे कॅप्स लॉक चालू आहे की बंद, याची काळजी नको.

सूचनेची ओळ ४० अक्षरांच्या आत ठेवा, गरज पडली तर दोन-तीन वेगवेगळ्या ‘प्रिंट’ करा. लांब ओळ पडद्याच्या कडेला शब्दाच्या मधोमध तुटते आणि वाचताना अर्धा शब्द एकीकडे, अर्धा दुसरीकडे पडतो. आणखी एक: या यंत्राला देवनागरी येत नाही. मराठी वाक्यं रोमन लिपीत लिहिली तर इंग्रजी आवाज त्यांचं काहीतरी भलतंच करतो. म्हणून खेळातला मजकूर सोप्या, छोट्या इंग्रजी शब्दांतच ठेवा.

ओळ १३० कडे लक्ष द्या. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे ठेवून ते जागच्या जागी बदलत राहायची त्या काळी पद्धत होती. ‘प्रिंट टॅब’ वापरून नुसता आकडाच पुन्हा छापला जायचा. बोलणाऱ्या प्रोग्रामला मग एकदम ‘चाळीस’ एवढंच ऐकू यायचं. चाळीस काय? गुण, जीव की सेकंद? प्रत्येक आकडा त्याच्या नावासकट, नव्या ओळीवर छापा.

आता ‘प्रॉक’नं बोलावले जाणारे दोन कामगार, घंटा आणि सरक, लिहायचे.

२०० डेफ प्रॉकघंटा
२१० एम=४ : एन=४
२२० इफ ए<एक्स देन एम=१०
२३० इफ ए>एक्स देन एन=१०
२४० साउंड १७,१,१०१,एम
२५० साउंड १,०,०,२
२६० साउंड १,१,१०१+(बी-वाय)*१२,एन
२७० एंडप्रॉक
३०० डेफ प्रॉकसरक(पी,क्यू)
३१० इफ एक्स+पी<१ ऑर एक्स+पी>९ ऑर वाय+क्यू<१ ऑर वाय+क्यू>९ देन साउंड १६,-१५,४,३ : एंडप्रॉक
३२० एक्स=एक्स+पी : वाय=वाय+क्यू
३३० प्रॉकघंटा
३४० एंडप्रॉक

‘साउंड’नंतरचे चार आकडे म्हणजे चॅनेल, जोर, सूर आणि लांबी. लांबी सेकंदाच्या विसाव्या भागात मोजतात, म्हणून ४ म्हणजे ०.२ सेकंद आणि १० म्हणजे अर्धा सेकंद. सुराचा ५३ हा आकडा मधल्या सप्तकातला ‘सी’. ४८ नं वाढवलं की एक सप्तक वर, म्हणून १०१ म्हणजे त्याच्या वरचा ‘सी’. एका ओळीच्या फरकाला मी १२ ठेवले आहेत, ते तीन अर्धस्वर होतात. याहून कमी फरक ठेवला तर गाण्याचा कान नसलेल्या माणसाला शेजारच्या दोन ओळी सारख्याच वाटू लागतात. जास्त ठेवला तर आठ ओळींच्या अंतरावर सूर यंत्राच्या टप्प्याबाहेर जातो. १२ नं हिशेब केला तर सगळ्यात खालचा सूर ५ आणि वरचा १९७. यंत्राची मर्यादा ० ते २५५ आहे.

ओळ २४० मध्ये चॅनेल १ च्या जागी १७ का? बीबीसी मायक्रो आवाज रांगेत लावतो. खेळाडूनं भराभर चार पावलं टाकली तर आठ ठोके रांगेत उभे राहतात. खेळाडू चौथ्या पावलावर पोहोचलेला असतो आणि कानात अजून पहिल्या पावलाची घंटा वाजत असते. रांग पूर्ण भरली की प्रोग्रामच अडून बसतो. चॅनेलच्या आकड्यात १६ मिळवले की त्या चॅनेलची जुनी रांग पुसली जाते आणि नवा आवाज लगेच सुरू होतो. १७ म्हणजे ‘चॅनेल १, आधीचं सगळं विसर’. दुसऱ्या ठोक्याला मात्र साधा १ च हवा, नाहीतर तो पहिल्यालाच पुसून टाकेल. आजच्या स्क्रीन रीडरमध्येही कळ दाबताच आधीचं बोलणं तुटतं, आणि सराईत अंध वापरकर्ते याच वागण्यावर वेगानं काम करतात. खेळानंही तसंच वागावं.

ओळ २५० मधली शांतता मुद्दाम आहे. गाय त्याच ओळीत असते तेव्हा दोन्ही सूर एकच असतात. मध्ये खंड नसेल तर दोन ठोके चिकटून एक लांब सूर वाटू शकतो आणि नेमक्या त्याच क्षणी खेळाडू गोंधळतो.

ओळ ३१० मध्ये रानाची हद्द लागली की गोंगाटाच्या चॅनेलवर ‘खस्स’ असा आवाज येतो. इथे घंटा मुद्दाम वाजवलेली नाही. घंटा ऐकू आली म्हणजे पाऊल पडलं, खस्स आलं म्हणजे आपण जागचे हललो नाही, असा स्पष्ट फरक राहतो.

‘रन’ लिहून सुरू करा. समजा गाय तिसऱ्या रकान्यात आणि सातव्या ओळीत आहे. पहिल्यांदा ऐकू येईल ‘टाँऽऽग, टिंग’: पहिला ठोका लांब, म्हणजे डावीकडे, दुसरा बराच चढा, म्हणजे वर. जे दोनदा दाबा. दुसऱ्या दाबानंतर दोन्ही ठोके आखूड होतात, म्हणजे रकाना मिळाला. आता आय. दुसरा सूर पहिल्याकडे उतरला. अजून एकदा आय, आणि तीन सुरांची चढती ओळ वाजते.

टाइप करताना आणि चुका शोधताना

बीबीसी मायक्रोची दुरुस्तीची पद्धत पूर्णपणे डोळ्यांवर बेतलेली आहे. बाणांनी दुसरा कर्सर जुन्या ओळीवर न्यायचा आणि ‘कॉपी’ कळीनं अक्षरं खाली ओढायची. ती सोडून द्या. चुकलेली ओळ त्याच क्रमांकानं पुन्हा टाइप करा, जुनी आपोआप जाते. ‘लिस्ट १३०’ लिहिलं की तेवढीच ओळ वाचून होते. ‘लिस्टओ ०’ दिलं तर यादीत जादा मोकळ्या जागा येत नाहीत. लांब यादी एका दमात निसटू नये म्हणून कंट्रोल आणि एन एकत्र दाबा, मग यंत्र प्रत्येक पानावर शिफ्टची वाट पाहतं. कंट्रोल आणि ओ नं ही सोय बंद होते.

चूक झाली की ‘मिस्टेक ॲट लाइन ८०’ अशी सरळ ओळ येते. ती ऐकायची राहिली तर ‘रिपोर्ट’ लिहून चूक आणि ‘प्रिंट ईआरएल’ लिहून ओळीचा क्रमांक पुन्हा मिळवता येतो. मला स्वतःला सगळा प्रोग्राम आधी विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून एम्युलेटरमध्ये पेस्ट करणं जास्त सोयीचं वाटतं. तिथे स्क्रीन रीडर अक्षर न् अक्षर वाचतो आणि ‘ओ’ च्या जागी शून्य पडलं असेल तर लगेच कळतं. जतन करताना नाव सात अक्षरांच्या आत ठेवा, डिस्कची ती मर्यादा आहे.

खेळून पाहा, मग वाढवा

तुम्ही डोळस असाल तर मॉनिटर बंद करा आणि खेळा. डोळे मिटून खेळणं पुरेसं नाही, अडलं की डोळे उघडले जातातच. त्यानंतर खेळ अंध खेळाडूच्या हाती द्या आणि तोंड बंद ठेवा. त्यानं किंवा तिनं आर आणि डब्ल्यू किती वेळा दाबलं, याकडे लक्ष द्या. प्रत्येक पावलाला डब्ल्यू दाबला जात असेल तर सुरांतून पुरेसं कळत नाही, म्हणजे १२ चे १६ करायचे की रान लहान करायचं, हे तुमचं काम. १६ केले तर रान सात बाय सातचं करावं लागेल आणि खेळाडूला चौथ्या ओळीत आणि चौथ्या रकान्यात उभं करावं लागेल, नाहीतर सूर मर्यादेबाहेर जातील. मोठा रेंज हवा म्हणून फरक वाढवत नेण्यापेक्षा रान आवरलेलं मला बरं वाटतं.

खेळात चुरस हवी असेल तर घड्याळ आणू नका, गाईला चालवा. खेळाडूच्या दर तीन पावलांनंतर गाय एक पाऊल सरकू दे. ताण येतो, पण विचार करायला वेळ खेळाडूचाच राहतो. घड्याळ हवंच असेल तर सेकंद किती हे खेळाडूला सुरुवातीला विचारा आणि ‘इनकी’मध्ये तो आकडा शंभरानं गुणून टाका, कारण ‘इनकी’ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो.

रानात काटेरी कुंपणं घालायची असतील तर ‘डिम’नं नऊ बाय नऊचा तक्ता बनवा आणि ओळ ३१० नंतर तो तपासा. गोंगाटाच्या चॅनेलवर ४ हा बारीक आवाज हद्दीला दिला आहे, कुंपणाला ६ म्हणजे जाडा आवाज द्या. दोन्ही सहज वेगळे ओळखू येतात.

मराठी बोलणारा खेळ

हाच खेळ पायथन या भाषेत आणला तर छापलेली ओळ थेट देवनागरीत देता येते. विंडोजच्या कमांड खिडकीत छापलेला मजकूर एनव्हीडीए वाचतो, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक या बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी आवाज आहे. हा ई-स्पीक मुळात १९९५ मध्ये एकॉर्नच्याच संगणकांसाठी लिहायला घेतला गेला होता, म्हणजे बीबीसी मायक्रोच्याच घराण्यातला. ‘ओळ ५, रकाना ३’ असं तो नीट म्हणतो.

‘गेट’चं काम एमएसव्हीसीआरटी मॉड्यूलमधलं गेट-डब्ल्यू-सी-एच करतं, तेही कळ येईपर्यंत थांबतं. सुरासाठी विनसाउंड मॉड्यूलमधलं बीप वापरा. त्याला सूर हर्ट्झमध्ये आणि लांबी मिलिसेकंदात द्यावी लागते. पहिला ठोका ५२३ हर्ट्झ. दुसऱ्यासाठी ५२३ ला दोनाच्या घातानं गुणायचं, आणि तो घात म्हणजे ओळींचा फरक भागिले चार. आठ ओळी खाली गेलं की सूर १३१ हर्ट्झच्या आसपास येतो. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर तो नीट वाजत नाही, म्हणून हेडफोनवर तपासा किंवा पहिला ठोका ७०० हर्ट्झवर न्या. बीप वाजून संपेपर्यंत पायथन पुढे सरकत नाही आणि १७ सारखी पुसून टाकण्याची सोय तिथे नाही. त्यामुळे आखूड ठोका १२० आणि लांब ठोका ३०० मिलिसेकंदांपुढे नेऊ नका.